‘स्पेशल टॉपिक्स’ घेऊ का, मॅडम?

अमेरिकेत एमएस करणाऱ्या मुलांकडून नोंदणीच्या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो. कॉम्प्युटर सायन्सच्या यादीत ‘स्पेशल टॉपिक्स’ नावाचा कोर्स असतो. विषय आवडलेला असतो, पण आधीच्या कुणी तो घेतलेला नसतो. मग धास्ती वाटते. ग्रेड घसरली तर? ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) नुसतंच ‘स्पेशल टॉपिक्स’ उमटलं तर कंपन्या काय समजतील? एका मुलीची गोष्ट सांगते, तिच्या संमतीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगी सांगली जिल्ह्यातली. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमातून (पॅटर्नमधून) कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली आणि आता अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात. शिक्षणासाठी कर्ज काढलेलं, घर तारण ठेवलेलं. दुसऱ्या सत्रासाठी दोन कोर्स ठरले होते. तिसऱ्या कोर्ससाठी एकीकडे डेटाबेसचा नेहमीचा कोर्स होता, ज्याचे जुने पेपर सीनियर्सकडून आधीच मिळाले होते. दुसरीकडे चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-मॉडेल्स चालवणाऱ्या सिस्टिम्सवरचा स्पेशल टॉपिक्स. व्हिडिओ कॉलवर तिचे बाबाही होते. त्यांनी पहिलंच विचारलं, “पुस्तक कुठलं लावलंय?” तिनं सांगितलं, “पुस्तक नाही, बाबा. रिसर्च पेपर वाचायचे.” “म्हणजे सरांचंच अजून ठरलेलं नाही!”

बाबांची शंका अगदी रास्त होती, म्हणून आधी त्यांच्याशीच बोलले. कायमचा कोर्स सुरू करायचा तर प्रस्ताव समित्यांपुढून जातो, त्यात बराच काळ निघून जातो आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. म्हणून विभाग एक क्रमांक मोकळा ठेवतो आणि त्या सत्रात एखादा प्राध्यापक आपल्या संशोधनातला विषय त्याखाली शिकवतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात २९४ हा असाच क्रमांक आहे. डीप रीइन्फोर्समेंट लर्निंग (यंत्रानं करून-चुकून शिकण्याचं तंत्र) तिथं काही वर्षं २९४-११२ म्हणून शिकवलं जायचं. २०१९ मध्ये त्याला २८५ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. पुस्तकाचं म्हणाल तर १९७८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ लिन कॉनवे यांनी एमआयटीत चिप-रचनेचा प्रायोगिक कोर्स घेतला, तेव्हा त्यांचं आणि कार्व्हर मीड यांचं पुस्तक छापूनही आलं नव्हतं, मसुद्यावरूनच शिकवणं चाललं. मुलांनी स्वतः आखलेल्या चिप्स सत्र संपल्यावर काही आठवड्यांत बनून त्यांच्या हातात आल्या. बाबा म्हणाले, “म्हणजे आमच्या द्राक्षाच्या नव्या वाणासारखं. आधी एका तुकड्यावर लावून बघायचं.” मला इतकं नेमकं सुचलं नसतं.

मग मुलीला म्हटलं, सिलॅबस उघड. नाव काहीही असो, कोर्स कळतो तो या दोन-तीन पानांवरून. आठवड्याला दोन शोधनिबंध, प्रत्येकावर एक पान टिपण, सत्रात एकदा वर्गापुढे सादरीकरण, आणि दोघा-तिघांत मिळून प्रकल्प. लेखी परीक्षा नाही. पूर्वतयारी म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम्स हवं, ते तिचं पक्कं होतं. निम्मे गुण प्रकल्पाला. हे सगळं वाचताना तिचा आवाज सैल होत गेला, आणि ‘सादरीकरण’पाशी अडला.

खरी भीती तिथं होती. जिची चार वर्षं इनसेम (सत्रामधली परीक्षा) ३० आणि एंडसेम (सत्राअखेरची) ७० गुण या गणितात, युनिटप्रमाणे उत्तरं पाठ करण्यात गेली, तिला आता वर्गात उभं राहून म्हणायचं होतं की या निबंधातला दावा मला इथं पटत नाही. “मॅडम, नावाजलेल्या लोकांनी लिहिलेलं असतं. मी कोण चूक काढणारी?” हे वाक्य मी फार मुलांकडून ऐकलंय आणि दर वेळी कळवळायला होतं. ही मुलं हुशार असतात. मोठ्यांचं खोडून काढायची सवय मात्र त्यांना कुणी लागूच दिलेली नसते.

आम्ही त्यावरच काम केलं. संगणकशास्त्राचे प्राध्यापक एस. केशव यांनी २००७ मध्ये निबंध वाचायची तीन फेऱ्यांची पद्धत मांडली आहे, ती तिला दिली. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटांत शीर्षक, सारांश, प्रस्तावना, मथळे आणि निष्कर्ष. दुसऱ्या फेरीत तासाभरात आकृत्या, आलेख आणि मुद्दे. तिसऱ्यात जणू आपणच हे काम नव्यानं करतोय असं धरून तपासायचं. नवख्याला त्याला कित्येक तास लागतात. चूक काढायची नाही, प्रश्न काढायचा, एवढंच तिला सांगितलं. हे कशाशी ताडून पाहिलंय? कुठल्या यंत्रावर मोजलंय? भार दुप्पट झाला तर काय होईल? एक निबंध तिनं मला मराठीत समजावून सांगितला. मी कॉम्प्युटरवाली नाही, त्यामुळे अडत होते, आणि मी अडायची तिथंच तिला नेमका प्रश्न सापडायचा.

कागदोपत्री बाजू मात्र अंदाजावर सोडू नका. हा कोर्स पदवीच्या कोणत्या रकान्यात धरला जाईल आणि असे किती चालतात, हे अ‍ॅडव्हायजरला ईमेलनं विचारून लेखी उत्तर घ्या. तिच्या विद्यापीठात तो ऐच्छिकमध्ये चालत होता, अनिवार्य गटात नाही. ट्रान्सक्रिप्टवर काही ठिकाणी विषयाचं पूर्ण नाव छापतात, काही ठिकाणी नाही. रेझ्युमेवर विषय आणि प्रकल्प आपण स्वतः लिहायचाच असतो. पहिल्या आठवड्यात वर्गात बसून पाहा. न जमल्यास अ‍ॅड-ड्रॉपची (कोर्स घेण्या-सोडण्याची) आणि फी परत मिळण्याची तारीख टिपून ठेवलेली हवी. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या परवानगीशिवाय पूर्णवेळ क्रेडिट्सच्या (एमएसला बहुधा ९) खाली उतरायचं नाही. सोडायचा तर दुसरा कोर्स हातात घेऊनच सोडायचा.

सगळ्यांना मी ‘घे’ म्हणत नाही. त्याच हिवाळ्यात एका मुलाला थांबवलं. त्याचा जीपीए (ग्रेडची सरासरी) ३ च्या खाली गेला होता, दोन अनिवार्य कोर्स बाकी होते, आणि त्याला हवा तो स्पेशल टॉपिक्स संभाव्यताशास्त्राच्या सिद्धतांनी भरलेला होता. तो विषय त्याला आधीच जड गेला होता. आधी गाडी रुळावर येऊ दे, असं त्याला स्पष्ट सांगितलं.

मुलीनं कोर्स घेतला. पहिल्या सादरीकरणात आवाज कापला, प्राध्यापकांच्या एका प्रश्नाला “मला माहीत नाही, पाहून सांगते” म्हणाली, आणि पुढच्या वर्गात खरंच सांगितलं. ग्रेड बी प्लस आली. उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखतीत अर्धा वेळ त्या प्रकल्पावरच बोलणं झालं, असं तिनं कळवलं.

पुढच्या सत्रात तिनं त्याच क्रमांकाचा कोर्स पुन्हा घेतला, विषय वेगळा. मार्कशीटवर तोच आकडा पाहून बाबांचा मला फोन: “मॅडम, पोरगी नापास झाली का? लपवतेय का?” मी त्यांना सांगितलं की विषय बदलला तर तोच क्रमांक तिच्या विद्यापीठात परत घेता येतो आणि दोन्हींची क्रेडिट्स धरली जातात. त्यांनी नव्या विषयाचं नाव मला दोनदा म्हणायला लावलं आणि कागदावर लिहून घेतलं.