कंपनीचा लॅपटॉप आणि घरचा पीसी एका टेबलावर: डॉकआधी आयटीकडून लेखी घ्या

देवगडहून तुम्ही लिहिलंय की मॉनिटर एक, कीबोर्ड-माऊस एक, दिवसा कंपनीचा लॅपटॉप आणि रात्री घरचा पीसी. त्यासाठी डॉक (एका केबलने मॉनिटर, कीबोर्ड, माऊस लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणलात. लाईट बराच वेळ गेली, बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला, आणि नंतर डॉकसकट चालू केला तर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की मागतोय. आयटीला कळवलं तर 'अनधिकृत उपकरण जोडू नये' एवढंच उत्तर. वाचलं आणि राहवेना. गुहागरात ऐन जुलैत मी हेच भोगलंय.

आधी धीर धरा. डेटा गेलेला नाही, लॅपटॉप बिघडलेला नाही. मशीन चालू होताना बिटलॉकर त्याची अवस्था टीपीएम या सुरक्षेच्या चिपकडून पडताळून घेतो. काही लॅपटॉपमध्ये यूएसबी-सी किंवा थंडरबोल्टला (तसंच दिसणारं, जास्त वेगाचं पोर्ट) लावलेला डॉकही त्या पडताळणीत धरला जातो. काल नव्हता, आज दिसला, की त्याला शंका येते आणि तो की मागतो. त्या पडद्यावरूनच लॅपटॉप पूर्ण बंद करा, डॉकची केबल काढा, नुसत्या चार्जरवर चालू करा. बऱ्याचदा काही न विचारता सुरू होतो. लॉगिन झालं की मग डॉक लावा. (प्रत्येक मॉडेलमध्ये असंच होईल याची हमी मी देत नाही. आणि कंपनीच्या मशीनचं बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीचं मूळ सेटिंग, स्वतः उघडू नका, ते काम त्यांचं.)

कायमचा उपाय आयटीच्याच हातात आहे: बायोसमधला यूएसबी-सी/थंडरबोल्टवरून बूट होण्याचा पर्याय बंद करणं, किंवा डॉक लावलेला असताना बिटलॉकर तात्पुरता थांबवून परत चालू करणं. एवढंच काम. आणि ते करून घेण्यातच माझा सगळ्यात जास्त जीव गेला.

त्या निळ्या पडद्यावर की आयडी दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं सांगितली की आयटीवाल्याला त्याच्या यादीत तुमची की सापडते: ४८ आकडे, सहा-सहाच्या आठ गटांत. फोनवर वाचून दाखवता येतात, तुम्ही टाईप करायचे. आमच्या हेल्पडेस्कला हे मी स्वतः सांगितलं. उत्तर आलं, "मशीन प्रत्यक्ष हजर करावं लागेल." का, ते कुणी सांगेना. तिकीट बंद, नवीन तिकीट, परत तेच वाक्य. शेवटी धो धो पावसात लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढलो, कराडमार्गे पुणे गाठलं. तिथल्या मुलाने स्वतःच्या स्क्रीनवरून बघून तेच आकडे माझ्यासमोर टाईप केले आणि लॅपटॉप परत दिला. डॉकचं नावसुद्धा काढलं नाही. घरी आलो, डॉक लावला, रीस्टार्ट केलं, परत निळा पडदा. ते दिवस माझ्या रजेतून कापले गेले. घरून काम करायला परवानगी देता, मग गावात बसलेल्या माणसाला की कशी द्यायची हे ठरवून ठेवायला नको? आजही आठवलं की संताप होतो.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी ईमेलवर विचारा: कोणता डॉक चालतो, यूएसबी स्विच (बटण दाबून कीबोर्ड-माऊस एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणारी डबी) चालतो का, की फोनवर मिळेल का, आणि ओळख पटवायला काय लागेल. तोंडी 'हो' धरू नका. काही कंपन्यांत आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर मोबाईलवरून स्वतःची की बघता येते. तुमच्याकडे तशी सोय आहे का ते आजच पाहून घ्या.

आता माझं मत, पटलं तर घ्या. एका मॉनिटरसाठी डॉक लागतच नाही. लॅपटॉप मॉनिटरच्या एचडीएमआयला, पीसी डिस्प्लेपोर्टला, आणि कीबोर्ड-माऊससाठी साधा यूएसबी स्विच. चित्र मॉनिटरच्या बटणावरून बदलायचं. ड्रायव्हर नको, इन्स्टॉल करायला ॲडमिनचा पासवर्ड नको. केव्हीएम (मॉनिटर आणि कीबोर्ड-माऊस एकाच बटणाने बदलणारा स्विच) घ्यायचाच असेल तर एचडीएमआय २.० चा घ्या, १.४ वर फोर-के फक्त ३० हर्ट्झला चालतं आणि माऊस ओढल्यासारखा वाटतो. ईडीआयडी (मॉनिटर मशीनला देतो ती स्वतःची ओळख) सांभाळणारा नसेल तर प्रत्येक अदलाबदलीत उघड्या खिडक्या इकडच्या तिकडे होतात. डिस्प्लेलिंकवाले (साध्या यूएसबीवरून चित्र पाठवणारे) डॉक टाळा, त्यांना ड्रायव्हर लागतो. दोन मशीनवर एकच माऊस फिरवणारी सॉफ्टवेअरं कंपनीच्या लॅपटॉपवर नकोतच. आणि त्या यूएसबी स्विचमध्ये पेनड्राईव्ह कधी लावू नका. बटण दाबलं की तो कंपनीच्या लॅपटॉपला जोडला जातो आणि तिकडे सुरक्षेची सूचना वाजू शकते.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट, जी पुण्याचा आयटीवाला सांगणार नाही: अर्थिंग. जांभ्यात अर्थिंग चांगलं लागत नाही, उन्हाळ्यात खड्डा सुकला की आणखी बिघडतं. चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला अनवाणी उभं राहून हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा. दोन मशीन एका केबलने जोडली की त्यांची अंगंही जोडली जातात, आणि चालू असताना एचडीएमआय खुपसली तर पोर्ट जळू शकतं. पीसी, लॅपटॉप, मॉनिटर तिन्ही अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवर ठेवा, केबल जोडताना सगळं बंद ठेवा. वैशाखात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढाच, पण राऊटरची लॅन केबलही काढा. फायबरमधून वीज येत नाही, राऊटरच्या ॲडॅप्टरमधून आणि लॅनमधून येते.

खाऱ्या हवेने यूएसबीच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो. स्विच खिडकीपासून लांब ठेवा आणि रिकाम्या पोर्टना रबराची टोपणं लावा.

लॅपटॉपचं मॉडेल आणि डॉक यूएसबी-सीचा की थंडरबोल्टचा, एवढं कळवा. आयटीला पाठवायच्या ईमेलचा मसुदा मी लिहून देतो.