सगळ्यांसाठी प्रार्थना करते, पण मन हलत नाही

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुढे होऊन सेवा करणारी माणसं समुपदेशनाला बहुतेक उशिराच येतात. आली की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारतात, ते साधारण एकच. लोकांसाठी इतकी प्रार्थना करते, पण आतून काही वाटेनासं झालंय. माझा विश्वास गेला का?

भायखळ्याच्या एका ताईंचंही तेच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाच्या प्रमुख. नगर-जालन्याकडून टाटा हॉस्पिटलला येणाऱ्यांना गावचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) ताईंचाच नंबर देत. मग परळला केसपेपर काढण्यापासून दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळते का ते बघण्यापर्यंत सगळं ताईंच्या गळ्यात. शिवाय घरभेटी, उपास-प्रार्थना आणि मोबाईलवर दिवसभर येणाऱ्या प्रार्थना विनंत्या.

"कुर्ल्याला एका घरी सांत्वनाला गेले होते," त्या म्हणाल्या. "पोरगी तिशीची, नवरा गेलेला. तिचा हात धरून मी प्रार्थना करतेय आणि डोक्यात काय, तर घरी दूध आहे का, जाताना घ्यायला हवं. आमेन झाल्यावर ती म्हणते, मावशी, तुम्हाला उशीर होतोय का? मॅडम, तिला कळलं हो."

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. रडू येत नाही, याचीच त्यांना धास्ती होती.

असं कुणी सांगितलं की मी विश्वासाच्या प्रश्नाला लगेच हात घालत नाही. आधी झोप, भूक, चिडचिड विचारते; जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारते. ताईंना तसं वाटत नव्हतं, पण पहाटे तीनला जाग यायची ती परत झोप नाही. डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईड निघालं, गोळी सुरू झाली. त्यांना हायसं वाटलं, मलाही. पण सगळं थायरॉईडवर ढकलण्यासारखं नव्हतं.

रात्री अकराला एक फोन यायचा. मंडळीतलीच एक सून, सासरचा जाच. तासभर तेच ते. ताईंना वाटे, उचलला नाही आणि तिनं जिवाचं काही केलं तर? "तिला तसं कधी विचारलंत?" मी म्हटलं. "छे! विचारलं आणि तिच्या मनात भरलं तर?" ही भीती फार जणांना असते आणि ती खोटी आहे. विचारल्यानं कुणी तिकडे वळत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. कसं विचारायचं, याची आम्ही दोघींनी तालीम केली. सोबत सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर दिला: 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि अशा बाईला एकट्यानं सांभाळायचं नाही, हे ठासून सांगितलं.

इथे ताई अडल्या. "येशूनं कधी कुणाला नाही म्हटलं का?"

मी बायबल त्यांच्यापुढे सरकवलं. मार्क, पहिला अध्याय. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दारात लोटलंय, येशू अनेकांना बरं करतो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिमोन आणि सोबतचे शोधत येतात: सगळे तुम्हाला शोधताहेत. आणि तो परत फिरत नाही, दुसऱ्या गावांकडे चला म्हणतो. ताईंनी हा उतारा शाळेत आणि मंडळात किती वेळा शिकवला असेल! त्यांचा भर नेहमी पहाटे उठण्यावर. दारातले लोक तसेच राहिले, हे त्यांच्या कधी डोळ्यांत भरलं नव्हतं.

बायबलमधल्या मोशेचीही गोष्ट काढली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला. सासरा इथ्रो एकच दिवस बघतो आणि सांगतो, तूही थकशील आणि हे लोकही. हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर अधिकारी नेम. (सासऱ्यानं जावयाच्या कामात नाक खुपसावं आणि जावयानं ऐकावं, हेही विशेषच.) ‘हे लोकही’ यावर ताई बराच वेळ थांबल्या. कुर्ल्याची ती मुलगी त्यांच्या मनात असावी.

एक गोष्ट मला जास्त खटकली होती. ताई वचन वाचत, ते सोमवारच्या संदेशासाठी किंवा कुणाला पाठवायला. कुठलीही ओळ दिसली की ही कुणाच्या उपयोगी पडेल, एवढंच. म्हणून महिनाभर एकच सांगितलं: रोज एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचं आणि ग्रुपवर टाकायचं नाही. सुरुवात 88व्या स्तोत्रापासून. त्यात शेवटीही दिलासा येत नाही, काळोखावरच संपतं. "हे बायबलमध्ये ठेवलंय म्हणजे मलाही असं बोलायला मुभा आहे," त्या पुढच्या वेळी म्हणाल्या. मग बोलल्या. आईच्या आजारपणात मंडळीतलं कुणीच फिरकलं नव्हतं, त्याबद्दल. तो राग त्यांनी वर्षानुवर्षं सेवेखाली दडपला होता.

विश्वास गेला नव्हता, असं माझं मत. ज्याचा जातो त्याला बहुधा त्याची एवढी टोचणी लागत नाही. भावना आटणं हा थकव्याचा भाग, आणि थकलेल्या माणसाला आणखी उपास करायला सांगणारे सल्लागार मला पटत नाहीत.

टाटाच्या कामाला आता चौघं आहेत. एक कॉलेजचा मुलगा सकाळच्या रांगेला उभा राहतो, धर्मशाळेचं एका काकांकडे, फाईल दुसऱ्या बाई बघतात. रात्रीच्या फोनवालीला ताईंनी सरळ विचारलं. मरावंसं वाटतं, असं ती दोनदा बोलली. पाळकसाहेब आणि तिचा भाऊ मध्ये पडले, ती डॉक्टरांकडे जाते. ताईंवर मात्र रुसली आहे, समोर आली तरी सलाम करत नाही. ते ताईंना लागतं.

कोरडेपणा पुरता गेलेला नाही. तो वाढला तर महिनाभर घरभेटी बंद, हे त्यांनी पाळकसाहेबांशी आधीच बोलून ठेवलं आहे.