वाचकांचे प्रश्न : खनिजांची पारख

प्रश्न : भटकंतीत उचललेले बरेच दगड माझ्याकडे साठले आहेत. पुस्तकातील रंगीत छायाचित्रांशी ताडून पाहतो, तेव्हा एकच दगड तीन-चार खनिजांसारखा दिसतो. मोबाइलवरील ॲपही दर वेळी निराळे नाव सांगते. ओळख पक्की कशी करावी?

उत्तर : छायाचित्र मुख्यतः रंग दाखवते आणि खनिजाच्या गुणधर्मांमध्ये सर्वांत कमी भरवशाचा गुणधर्म रंग हाच आहे. क्वार्ट्झ (गारगोटी) पारदर्शक, पांढरे, जांभळे, पिवळे, गुलाबी किंवा धुरकट असू शकते. फ्लोराइटच्या छटा तर मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. अत्यल्प प्रमाणात शिरलेली अशुद्धी किंवा स्फटिकाच्या रचनेतील दोष एवढ्यानेही रंग पालटतो. ॲपलाही छायाचित्राखेरीज काही दिसत नसल्यामुळे त्याने सुचवलेले नाव केवळ अंदाज म्हणून घ्यावे.

रंगापेक्षा कस कितीतरी विश्वासार्ह असतो. बिनझिलईच्या चिनी मातीच्या तुकड्यावर नमुना घासला असता भुकटीची जी रेघ उमटते, तिला कस म्हणतात. हेमॅटाइट चकचकीत रुपेरी-काळे असो वा मातकट लाल, त्याची रेघ तांबूस-तपकिरीच येते. मॅग्नेटाइटची काळी येते आणि ते चुंबकाला चिकटते. गोएथाइटची पिवळसर-तपकिरी येते. सोन्यासारख्या चमकणाऱ्या पायराइटची रेघ हिरवट-काळी निघते, तेव्हा अनेकांचा हिरमोड होतो. मात्र चिनी मातीचा कठीणपणा (पुढे दिलेल्या १ ते १० या श्रेणीत) सुमारे ७ असल्याने त्याहून कठीण खनिज तिच्यावर कस देत नाही, उलट तिलाच खरवडते. अशा वेळी दिसणारी पांढरी भुकटी खनिजाची नसून तुकड्याची असते.

त्यानंतर कठीणपणा पाहावा. फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली सर्वांत मऊ संगजिऱ्यापासून (१) सर्वांत कठीण हिऱ्यापर्यंतची (१०) दहा पायऱ्यांची श्रेणी आजही वापरात आहे. तिच्यात नखाचा कठीणपणा साधारण २.५, तर चाकूचे पाते आणि काच यांचा साधारण ५.५ येतो. येथे चूक बहुधा दोन ठिकाणी होते. ओरखडा उठला असे वाटते, पण प्रत्यक्षात मऊ पदार्थाची भुकटी कठीण पृष्ठभागावर बसलेली असते. म्हणून ओल्या बोटाने पुसून, खाच खरोखर पडली आहे का, हे भिंगातून पाहावे. दुसरे असे की, हवापाण्याने झिजलेला पृष्ठभाग मऊ झालेला असतो आणि दाणेदार नमुन्यातले कण नुसतेच सुटून येतात, त्यामुळे चाचणी नेहमी ताज्या, सलग भागावर आणि शक्यतो नमुन्याच्या मागच्या बाजूस करावी.

प्रश्न : माझ्याजवळ एक पारदर्शक खनिज आहे. ते पडून फुटले तेव्हा सगळे तुकडे तिरप्या पेटीच्या आकाराचे झाले. चाकूने ओरखडा उठतो. हे क्वार्ट्झ समजावे का?

उत्तर : नाही. क्वार्ट्झवर चाकू चालत नाही. शिवाय क्वार्ट्झला ठळक पाटन (ठरावीक सपाट दिशांनी दुभंगण्याचा गुण) नसते. ते फुटते तेव्हा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे वक्र, लहरी पृष्ठभाग तयार होतात. आपण वर्णन केलेले तुकडे कॅल्साइटकडे बोट दाखवतात. कॅल्साइट तीन दिशांना सहज दुभंगते, पण त्या दिशा परस्परांशी काटकोनात नसतात, त्यामुळे तुकड्यांच्या बाजूंवर सुमारे ७५ आणि १०५ अंशांचे कोन आढळतात. एखादा स्वच्छ तुकडा छापील ओळीवर ठेवून पाहा : अक्षरे दुहेरी दिसतील आणि तुकडा कागदावर सपाट ठेवूनच हळूहळू फिरवला, तर एक प्रतिमा जागीच राहून दुसरी तिच्याभोवती फिरेल. याउपरही शंका उरल्यास सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा (चष्मा आणि हातमोजे घालून, उघड्या हवेत). कॅल्साइटवर थंड आम्लही लगेच फसफसते. डोलोमाइट याच्यासारखेच दिसते, पण त्याची भुकटी केल्याशिवाय ते असे फसफसत नाही. व्हिनेगरनेही काम भागते, फक्त बुडबुडे सावकाश येतात आणि ते पाहायला भिंग लागते.

प्रश्न : एक पांढरा दगड आकाराच्या मानाने फारच जड लागतो. घरच्या घरी विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा तो किती पट जड आहे ते) काढता येईल का?

उत्तर : अवश्य येईल, आणि हौशी संग्राहकांनी सर्वाधिक दुर्लक्षिलेली चाचणी हीच आहे, असे आमचे मत आहे. ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. प्रथम कोरड्या नमुन्याचे वजन करावे. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि बारीक दोऱ्याने बांधलेला नमुना पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा बाजूंना टेकणार नाही, असा हातात धरावा. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके घन सेंटिमीटर नमुन्याचे आकारमान. समजा, कोरडे वजन ९७.२ ग्रॅम आणि बुडवल्यावरचा आकडा २१.६ आला, तर वजनाला आकारमानाने भागून ४.५ येतात; हेच विशिष्ट गुरुत्व. पांढरे, चाकूने ओरखडले जाणारे, आम्लाला दाद न देणारे आणि ४.५ गुरुत्वाचे खनिज बहुतांशी बॅराइट असते. हाच भागाकार ६.५ च्या आसपास आला असता, तर शिशाचे सेरुसाइट हे खनिज डोळ्यांपुढे आणावे लागले असते आणि हाताळल्यावर हात धुण्याची दक्षताही घ्यावी लागली असती.

नमुन्याला मूळ खडक चिकटलेला असेल किंवा त्याच्या भेगांत हवेचे बुडबुडे अडकले असतील, तर उत्तर चुकते. नमुना फार लहान असल्यासही तेच होते : आकारमान दोनच घन सेंटिमीटर असेल, तर काट्याची ०.१ ची चूक उत्तरात पाच टक्क्यांची होऊन बसते. शिवाय क्वार्ट्झ (२.६५) आणि कॅल्साइट (२.७१) यांसारख्या जोड्या या चाचणीने वेगळ्या करण्याच्या फंदात पडू नये, तिथे चाकू पुरेसा आहे. सैंधवासारखी विरघळणारी खनिजे तर पाण्यात बुडवूच नयेत.

प्रश्न : डबीत ठेवलेल्या पायराइटवर पांढरट-पिवळी भुकटी जमली असून खालचे लेबल तपकिरी होऊन ठिसूळ झाले आहे. नमुना धुऊन घ्यावा का?

उत्तर : मुळीच धुऊ नये. हवेतील ऑक्सिजन आणि दमटपणा यांमुळे पायराइटचे रासायनिक विघटन सुरू झाले असून त्यातून लोहाची सल्फेटे आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होत आहे. त्याच आम्लाने लेबल खाल्ले आहे आणि शेजारचे नमुनेही त्याच्या तडाख्यातून सुटणार नाहीत. सर्वप्रथम लेबलावरील मजकूर नव्या कागदावर उतरवून घ्या, कारण नमुना कोठे आणि केव्हा मिळाला, ही माहिती एकदा गेली की कोणत्याही चाचणीने परत मिळत नाही. त्यानंतर भुकटी कोरड्या, मऊ ब्रशने झटकून नमुना सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डबीत, इतरांपासून दूर ठेवा. झालेली हानी भरून येणार नाही, पण तिचा वेग निश्चित मंदावेल. मार्कासाइट (पायराइटचेच घटक असलेले, पण वेगळ्या रचनेचे खनिज) बाळगणाऱ्यांनी याहून अधिक सावध राहावे, कारण ते अनेकदा आणखी लवकर भुगा होते.

ओघाने सांगायचे तर, रिॲल्गार (मनशीळ हे आर्सेनिकचे लाल खनिज) प्रकाशात ठेवल्यास त्याची पिवळी भुकटी होते आणि जांभळ्या क्वार्ट्झचा रंग उन्हात उडू शकतो. असे नमुने काचेच्या कपाटापेक्षा खणात बरे.

प्रश्न : विकत घेतलेला सिट्रिनचा (पिवळ्या क्वार्ट्झचा) गुच्छ टोकांशी गडद नारिंगी आणि बुडाशी पांढरा आहे. तो नकली असेल का?

उत्तर : क्वार्ट्झ म्हणून तो अस्सल असण्याचीच शक्यता जास्त, त्याचा रंग मात्र बहुधा भट्टीत आलेला आहे. जांभळे क्वार्ट्झ काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की पिवळे-नारिंगी होते. नैसर्गिक सिट्रिन सहसा फिकट असते. नोंदवहीत ‘क्वार्ट्झ, तापवलेले असावे’ असे लिहून ठेवावे. त्याच वेळी स्फटिकांच्या बुडाशी भिंगातून पाहावे. तिथे चकचकीत, बुडबुडे असलेला थर दिसला आणि तापवलेल्या सुईचे टोक लावताच तो मऊ पडला, तर स्फटिक गोंदाने चिकटवलेले आहेत, असे समजावे.