धूमकेतूवर किंवा लघुग्रहावर यान उतरवणं इतकं अवघड का असतं?

कारण तिथे गुरुत्वाकर्षण नावापुरतंच असतं. उतरण्यापेक्षा टिकून राहणं कठीण. 12 नोव्हेंबर 2014 ला सुमारे 100 किलोचं फिली हे युरोपीय यान 67पी धूमकेतूवर टेकलं, तेही माणसाच्या चालीने. पण जमिनीत रुतणारे हार्पून सुटलेच नाहीत. ते उसळलं, जवळपास दोन तास तरंगलं आणि शेवटी कड्याच्या सावलीत अडकलं. सौर पॅनेलला पुरेसं ऊन मिळेना. तरी बॅटरी संपेपर्यंत त्याने मोजमापं पाठवली, याचं मला फार कौतुक वाटतं!

2020 मध्ये नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या लघुग्रहावर मुक्काम केलाच नाही. यांत्रिक हात टेकवला, नायट्रोजनचा झोत सोडला, उडालेली खडी-माती गोळा केली आणि लगेच वर. पृष्ठभाग इतका भुसभुशीत की हात अर्धा मीटर आत गेला. 2023 मध्ये पृथ्वीवर पोचलेला हा नमुना 121.6 ग्रॅम भरला.