ऐरोलीच्या खाडीवर पहिल्यांदा जाताना

अगं, खारफुटीच्या पाहणीला जाताना नुसत्या नकाशावर विसंबू नकोस. २०१९च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा धरलाय. तरी तो पट्टा लागू होतो का, हे जमीन कोणाची यावरही ठरतं, म्हणून ते आधी बघ. मग भरतीच्या वेळी गमबूट घालून जा. नाल्याचं तोंड डेब्रिजने बुजलंय का, हे बघ. पाणी आत शिरलं नाही की खारफुटी उभ्या-उभ्या वाळते, कुऱ्हाड लागतच नाही! वाळलेली झाडं, बुजलेलं तोंड, दोन्हींचे तारीख-वेळेसकट फोटो काढ. मासेमारी करणाऱ्या कोळ्यांशी बोल. पाण्याची जुनी वाट त्यांनाच ठाऊक.

माझ्या पहिल्या अहवालातून एका क्लायंटने ‘खारफुटी’ खोडून ‘झुडपं’ लिहायला लावलं होतं. मी लिहिलं. अजून सलतंय. तू सही करण्याआधी शेवटची प्रत वाच, आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेव.