पायथॉनमध्ये टेल कॉल ऑप्टिमायझेशन का नाही? ते प्रत्येक भाषेत असायला नको का?

असायला हवं, पण ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणून नको. (टेल कॉल म्हणजे फंक्शनने अगदी शेवटची कृती म्हणून केलेला कॉल; त्या वेळी आधीच्या फंक्शनची फ्रेम, म्हणजे स्टॅक नावाच्या मेमरीतली त्याची जागा, टाकून देणं हे ते ऑप्टिमायझेशन.) या एका शब्दापायी माझी अख्खी रात्र गेली आहे, म्हणून लिहितोय.

आमचा सी मधला एक पार्सर होता, म्हणजे फाइल अक्षर-अक्षर वाचून तिचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम. प्रत्येक स्टेटचं एक फंक्शन आणि त्याची शेवटची ओळ म्हणजे पुढच्या फंक्शनला कॉल करून थेट रिटर्न. लूप कुठेच नाही. हे कंपायलरच्या मर्जीवर चाललंय असं मी तेव्हाच म्हटलं होतं. सीनियर म्हणाले, "अरे, ओ-टूला जीसीसी करतो ते. तू नको काळजी करूस." (जीसीसी हा सीचा कंपायलर, ओ-टू ही त्याची ऑप्टिमायझेशनची एक पातळी.) आणि करत होताही. दोन वर्षं बिनतक्रार चाललं.

मग मोठ्या फाइलींवर सेगफॉल्ट यायला लागला, म्हणजे मेमरीच्या चुकीने प्रोग्रॅम कोसळायला लागला. छोट्या फाइली ठणठणीत. बॅकट्रेस (कोसळताना चालू असलेल्या कॉलची यादी) उघडला तर एकच फंक्शन, पानंच्या पानं. आदल्या आठवड्यात त्यात बदल झाला होता, माझाच: लॉगिंगसाठी २५६ बाइटांचा लोकल बफर घेतला आणि त्याचा पत्ता दुसऱ्या फाइलमधल्या लॉग फंक्शनला दिला. शेवटच्या ओळीला मी हातही लावला नव्हता! पण तो पत्ता कोणी धरून ठेवलाय की नाही हे कंपायलरला कळणार कसं? मग त्याने फ्रेम जपून ठेवली, दर अक्षरामागे एक. फ्रेम साधारण ३०० बाइटांची, स्टॅक ८ एमबीचा; सत्तावीस-अठ्ठावीस हजार अक्षरांत खेळ खलास. वॉर्निंग एक नाही.

प्रोग्रॅमची शुद्धता ज्यावर टांगलेली आहे त्याला ऑप्टिमायझेशन म्हणूच नये. स्कीम या भाषेच्या मानकात याची हमीच दिलेली आहे. क्लोजर भाषेचं रिकर, स्काला भाषेचं टेलरेक, क्लँग या सी कंपायलरचं मस्टटेल यांत तुम्ही मागणी लिहून करता, आणि जमत नसेल तर बिल्डच अडतो. (मस्टटेल लावल्यावर बफरचा पत्ता कोणी धरून बसलं तर ते पाप मात्र तुमचं.)

पायथॉनचं म्हणाल तर तिचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांनी २००९ मध्येच नकार दिला. एक कारण म्हणजे ट्रेसबॅकमधून (पायथॉनचा बॅकट्रेस) फ्रेम गायब होतात. दुसरं, एकदा सोय दिली की लोक तिच्यावर विसंबून कोड लिहिणार आणि तो दुसऱ्या इंप्लिमेंटेशनवर फुटणार. हे दुसरं कारण वाचून मला त्यांना फोनच करावासा वाटला होता. तुम्ही सरळ लूप लिहा. रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच कॉल करण्याची) १००० ची मर्यादा वाढवणं हा इलाज नव्हे.

हो, आणि डीबग करताना गेलेल्या फ्रेमची आठवण येते हे कबूल. मानकात लिहिलं म्हणून सगळे पाळतात असंही नाही: जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या मानकात हे आहे, मोठ्या ब्राउझरांपैकी सफारीनेच काय ते मनावर घेतलं.

आमच्या बग रिपोर्टमध्ये कारण म्हणून अजूनही ‘लॉगिंगचा बदल’ असंच लिहिलेलं आहे. ते चूक आहे.