मित्राला हेडफोनमधला फरक कळतो, मला का कळत नाही?

मित्र त्याचे महागडे हेडफोन तुझ्या कानाला लावून "बघ, कसलं खुलतंय" म्हणतो आणि तुला तुझ्या दोन हजारवाल्यासारखंच वाटतंय, म्हणून कान खराब आहेत का विचारलंयस. नाहीत भावा.

मी स्वतः या भारी आवाजाच्या नादातला, कोल्हापुरात राजारामपुरीत घरी अँप्लिफायर, स्पीकर सगळा पसारा आहे, त्यामुळं आमच्या जमातीबद्दल हक्कानं बोलतो. साधा माणूस गाणं ऐकतो, शब्द कळतायत, बेस लागतोय, झालं. आम्ही गाणं बाजूला ठेवून झांज टोचतेय का, गायिकेचा 'स' शिट्टीसारखा येतोय का, ढोलकीची थाप बेसमध्ये बुडाली का असलं हुडकत बसतो. हे सगळं सवयीनं येतं. मिरजेत तंबोरा बनवणाऱ्याला जवारी (तारेला झंकार देणारी घोडीची ठेवण) जराशी बिघडली तरी कळते, आपण नुसतं "छान वाजतंय" म्हणतो, तसंच.

आता गंमत ऐक. शॉन ऑलिव्ह म्हणून संशोधक आहेत, त्यांनी ट्रेनिंग घेतलेले आणि साधे असे दोन्हीकडचे लोक बसवून पडद्याआडनं स्पीकर ऐकवले, 2003 ला त्याचा पेपर आला. दोघांनाही साधारण तेच स्पीकर आवडले! फरक एवढाच की ट्रेनिंगवाल्यांचे मार्क दर वेळी जवळपास तेच यायचे आणि साध्या लोकांचे वरखाली व्हायचे. म्हणजे आवड एकच, फक्त ती नेमकी पकडता येणं वेगळं.

दुसरी भानगड व्हॉल्यूमची. दोनातला एक किंचित जरी मोठा वाजला तर कान त्यालाच "भारी" म्हणतो. आणि आवाज कमी असला की बेस आपल्याला मुळातच कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 लाच हे मोजून ठेवलंय. म्हणून तर गणपतीत डॉल्बीच्या भिंतीसमोर पोरं "काय क्वालिटी आहे" म्हणतात, छाती धडधडत असते पण गाण्याचा एक शब्द कळत नसतो. नाचायला मी पण असतोय, पण त्याला क्वालिटी म्हणू नका राव.

आमचे लोक पण काय कमी फसत नाहीत. किंमत माहीत असली की हजारोंच्या केबलमध्ये पण "स्टेज मोठं झालं" (म्हणजे वाद्यं लांबरुंद पसरल्यासारखी वाटणं) ऐकू येतं, आणि डोळे झाकून ऐकवलं की 320 केबीपीएसचं (म्हणजे चांगल्या दर्जाचं) एमपीथ्री कुठलं आणि सीडी कुठली हे बहुतेकांना सांगता येत नाही.

तुला खरंच बघायचं असेल तर तुझे आणि त्याचे हेडफोन एकाच गाण्यावर लाव, आवाज शक्य तितका सारखा कर, आणि पैसे घालवायच्या आधी तुला ते तासभर कानाला त्रास न देता घालता येतात का बघ. इअरफोन असतील तर रबरी टिप बदलून बघ, ती नीट बसली नाही की बेस सगळा गळतो आणि बिल मात्र हेडफोनच्या नावावर फाटतं.